चार महिन्यांची दुवा

घेंट,
२१ फेब्रुवारी १९९९

ती. आईस,
तोल्कूनचा वाकून सलाम. वि. वि.

मी पोचले. जेवते आहे. पायात मोजे असतात. तुझे तीन प्रश्न संपले.

इथली जमीन ताटासारखी सपाट आहे. खिडकीतून कितीही लांब पाहिलं तरी नजर कुठे टेकत नाही. पहिला आठवडा रस्त्यावर उभी राहिले की आपण पडणार असं वाटायचं. आपल्या शेतातून दगड वेचून बाहेर टाकावे लागतात, इथे बांधासाठी दगड विकत आणतात. मातीच्या वर्गात मी हे सांगितलं तर सगळे हसले. मीही हसले.

खोलीत पाइवी नावाची फिनलंडची मुलगी आहे. ती फार बोलत नाही, म्हणून जमतं.

विद्यापीठाच्या कचेरीत पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. फॉर्मवर आईचं नाव विचारलं होतं. मी तुझं लिहिलं, साइरा. तिथल्या बाईंनी माझा जन्मदाखला काढला. त्यावर बुरुल वहिनीचं नाव. त्यांनी विचारलं, ही कोण. मी सांगितलं, वहिनी. मग वडिलांच्या जागी हा एसेन कोण. सांगितलं, दादा. बाईंनी चष्मा काढला आणि मला जरा बसायला सांगितलं. त्यांच्या मनात काय आलं ते कळून माझे कान तापले. मग मी समजावलं, की आमच्याकडे पहिलं मूल आजीला देतात. ते आजीला आई म्हणतं आणि ज्यांनी जन्म दिला त्यांना दादा-वहिनी. त्यांनी विचारलं, आणि त्या बाईला हे चालतं का. मी विचारलं, कोणत्या बाईला. चेष्टा नव्हती, आई. मला खरंच वाटलं त्या तुझ्याबद्दल बोलतायत.

दोन रविवार झाले. ब्रुज पाहिलं, अँटवर्प पाहिलं, ब्रसेल्सला जाऊन आले. खोलीत पाय ठरत नाहीत.

दादाला, वहिनीला, भाची आयनुराला आठवण सांग. तुझा जीव माझ्यावर आहे तसाच असू दे.

तुझी धाकटी,
तोल्कून


कोचकोर,
१४ मार्च १९९९

चि. तोल्कून हिला साइराचे पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

सांगते मी, लिहिते तुझी वहिनी. अक्षर चांगलं दिसलं तर तिचं, अक्कल दिसली तर माझी.

पत्र चार वेळा वाचून घेतलं. तो कचेरीचा भाग आला तेव्हा तुझी वहिनी चूल बघायला उठली. चूल ठीक होती. त्या कचेरीवाल्या बाईला म्हणावं, आमच्या घरात काय चालतं ते आमच्या घरात ये आणि चहा पिऊन विचार. ती चष्मा काढते म्हणजे तिला चष्म्याशिवाय जास्त दिसतं की काय?

दोन रविवारांत तीन गावं. शेळीसुद्धा एका कुंपणाला दोन दिवस देते. शिकायला गेलीस की मोजणीला?

मांस मिळतं का ते लिहिलं नाहीस. कशाचं मिळतं, कापतं कोण, हेही नाही. तू लपवतेस तेव्हा मला लगेच कळतं.

कोकरं सव्वीस झाली. दोन गेली. शेजारचा बेक्तूर म्हातारा रोज येतो, माझी मुलगी परत येणार नाही असं सांगून माझा चहा पितो. मी त्याला सांगितलं, मी तिला चार महिन्यांची दुवा दिली आहे. हात उघडले ते चार महिन्यांसाठी. पाचव्या महिन्याला माझ्या दुवेत जागाच नाही. जूनच्या विसाव्या तारखेला आपण सोन-कुलच्या कुरणावर चढतो. तंबू उभारताना त्याच्या वरच्या लाकडी चाकाला आतून आधार कोण देणार, बेक्तूर?

नीट राहा. डोकं झाकत जा. आमचा जीव टांगलेला आहे हे ध्यानात ठेव.

तुझी आई

ता. क. हे माझं. आईंचा गुडघा सुजला आहे. त्या हे लिहू देणार नाहीत, म्हणून खाली लिहिते. तू अभ्यासाचं काहीच कळवलं नाहीस. कोणते विषय आहेत? परीक्षा कधी? बुरुल


घेंट,
२ एप्रिल १९९९

ती. वहिनीस,
तोल्कूनचा सलाम. वि. वि.

हे पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. गणिताच्या तासाला उघडू नकोस, पोरं मान लांब करतील.

तू विषय विचारलेस. तुझ्याशिवाय कुणीच विचारले नाहीत, म्हणून सांगते. मिठाने मेलेली जमीन परत कशी जिवंत करायची, हा माझा विषय. इथे समुद्राचं मीठ, आपल्याकडे चुकीच्या पाण्याचं. प्राध्यापकांनी माझी वही पाहिली आणि परवा बोलावून घेतलं. सप्टेंबरपासून दोन वर्षांची एक जागा आहे. राहणं, जेवण, शिष्यवृत्ती सगळं त्यांचं. उन्हाळ्यात घरी येता येईल. वीस मेपर्यंत सही करून कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

आईला आजच वेगळ्या पत्रात विचारलं आहे. ते तुलाच मोठ्याने वाचावं लागेल. तेव्हा तुला एकदम समोर येऊ नये, म्हणून हे. तुझं मत विचारत नाही. तुला मध्ये घालायचं नाही.

मला इथे राहायचं आहे का, ते मला माहीत नाही. मला कुठेच बसता येत नाही. पाइवी म्हणते की मी खोलीत असतानासुद्धा स्टेशनवर असल्यासारखी असते. आल्यापासून माझी बॅग अर्धी भरलेलीच आहे. उद्यापासून सुट्टी. रेल्वेचा पास काढला आहे.

लोभ आहे तो वाढावा.

तोल्कून


जेनोवा,
९ एप्रिल १९९९

ती. आईस,
वाकून सलाम. वि. वि.

सहा दिवसांत पाच शहरं झाली. तू शेळी म्हणशील, म्हण.

स्ट्रासबुर्गला पाऊस होता. लियोंला दोन नद्या एकमेकींना मिळतात, ते बघायला गेले आणि मिळण्याआधीच परत फिरले, गाडी होती. मार्सेलला मासळीबाजारात एका बाईने माझ्या तोंडाकडे पाहून नाक धरून दाखवलं आणि पोट धरून हसली. तिला म्हणावं, तू आमच्या मेंढ्या कातरायच्या दिवसांत ये. नीसला समुद्राकाठी सगळे समुद्राकडे तोंड करून बसतात, जणू कुणी येणार आहे.

नवीन गावी उतरले की मी आधी परत जाणाऱ्या गाड्यांचा फलक वाचते. मग गाव. पाइवी लियोंपर्यंत बरोबर होती. तिथून ती एकटी मागे वळली. जाताना म्हणाली की तू गावं बघत नाहीस, तू गावांतून पळतेस. मी म्हटलं की आमच्यात हे रक्तातच आहे. ती म्हणाली की तुमचे लोक गुरं घेऊन फिरतात, म्हणजे त्यांच्या फिरण्याला गवताचं तरी कारण असतं.

जेनोवाला मात्र जमीन तिरकी आहे. स्टेशनातून बाहेर आले आणि पायांना चढ लागला. मी जिने चढत चढत अगदी वर गेले. तिथे एक म्हातारी कपडे वाळत घालत होती. तिने हातवारे करून विचारलं, कुणाची तू. मी पूर्वेकडे हात केला. तिने आणखी लांब, आणखी लांब, असा हात हलवून विचारलं. मी मान डोलावत राहिले. शेवटी तिने हात खाली टाकला आणि मला एक संत्रं दिलं.

तिथे आणखी एक दिवस राहावंसं वाटलं. राहणार नाही. पाच वाजता गाडी आहे.

दोन एप्रिलचं पत्र मिळालं असेल. त्यात विचारलेल्या गोष्टीवर घाई करू नकोस. पण वीस मे ही तारीख त्यांची आहे, माझी नाही.

तुझी माया राहू दे.

तुझी धाकटी,
तोल्कून


कोचकोर,
१८ एप्रिल १९९९

चि. तोल्कून हिला आशीर्वाद. वि. वि.

तुझं विचारणं वाचलं. माझं उत्तर एकच, नाही.

हे तुझ्या वहिनीने दोनदा विचारून लिहिलं, की नक्की नाहीच लिहू का. मी म्हटलं, नाही हा शब्द तुमच्या शाळेत शिकवत नाहीत का.

कारण विचारशील. धाकट्याने आईची चूल सांभाळायची असते. तू माझी धाकटी. एसेनची चूल वेगळी, माझी वेगळी, जरी एकाच छपराखाली असल्या तरी. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दोन वर्षं तुझ्याकडे आहेत, माझ्याकडे आहेत का? त्या प्राध्यापकाला विचार. मिठाने मेलेली जमीन जिवंत करतो म्हणे. आधी म्हातारी दोन वर्षं टिकवून दाखव म्हणावं.

आणि परगावी दोन वर्षं राहिलेली मुलगी परत येते ती पाहुणी म्हणून. पाहुणीला मी चहा करणार नाही.

शिक्षण वाईट असं मी म्हणत नाही. तुझ्या वहिनीने शिक्षण घेतलं, काही बिघडलं नाही. पण ती शिकून इथेच आली.

बेक्तूरला सांगितलेलं नाही. त्याला आनंद होईल.

वीस जूनला तंबूच्या दोऱ्या बांधायच्या आहेत. तेवढं ध्यानात ठेवून आमच्यावर लोभ कर.

तुझी आई

ता. क. आईंचा गुडघा थोडा उतरला आहे. चालतात. बुरुल


कोचकोर,
१ मे १९९९

चि. तोल्कून हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या दोन वर्षांबद्दल मी पुन्हा विचार केला. मागच्या पत्रात घाईने नाही म्हटलं.

दोन वर्षं म्हणजे चोवीस महिने. त्यातले सहा-सात तू उन्हाळ्यात इथेच असशील. उरलेले सतरा-अठरा. एवढा काळ माणूस वाट बघू शकतं. मिठाची जमीन आपल्या जिल्ह्यातही वाढते आहे. नदीखालच्या शेतांत आता पांढरं दिसतं. ते कुणीतरी शिकून यायला हवं.

माझी काळजी करू नकोस. घरात माणसं आहेत. तब्येत बरी आहे. तू सही कर. मी दोन वर्षांची दुवा देते. मनात काही ठेवू नकोस. स्वतःची काळजी घे, वेळेवर झोप.

आमचा लोभ तुझ्यावर आहे आणि राहील.

तुझी आई


हॅम्बुर्ग,
८ मे १९९९

ती. वहिनीस,
सलाम. वि. वि.

आईचं अठरा एप्रिलचं पत्र मंगळवारी मिळालं. पाठ झालं आहे. ती बरोबर आहे. मी वीस तारखेच्या आधी नाही म्हणून कळवीन. प्राध्यापकांना वाईट वाटेल, मग ते दुसऱ्याला बोलावतील.

इथे कशाला आले ते सांगता येत नाही. शुक्रवारी खोलीत बसवेना, स्टेशनवर गेले, पहिली लांबची गाडी ही होती. हॅम्बुर्गला उतरले आणि गावात गेलेच नाही. फलाटावर चार तास बसले. समोरून गाड्या कोपनहेगनला, प्रागला, बाझेलला जातात. त्यांतल्या दोन ठिकाणचा मला व्हिसा नाही, तरी प्रत्येक गाडीला मी उठून उभी राहायचे. एका हमालाने विचारलं की कुणाला घ्यायला आलात का. मी हो म्हटलं. मग त्याने दर गाडीनंतर येऊन विचारलं, आले का. शेवटी मला त्याची लाज वाटून मी जागा बदलली.

राग आला नाही आईचा. पण एक विचारायचं आहे, आणि ते घरी कधी विचारता आलं नसतं. तिथे तू चहा ओतत असतेस आणि मी आईच्या शेजारी बसलेली असते. मला आईकडे दिलं, तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का? त्या कचेरीतल्या बाईंचा प्रश्न मला आता कळला. जवळजवळ तीन महिने लागले.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. हेही शाळेच्याच पत्त्यावर.

लोभ असू दे.

तोल्कून


कोचकोर,
२४ मे १९९९

चि. तोल्कून हिला साइराचे आशीर्वाद. वि. वि.

आज तुझा दादा लिहितो आहे. अक्षर असं आहे की बर्फावरून कोंबड्या गेल्या असाव्यात. (मी एसेन. आई सांगेल तसं लिहितोय. मला काही बोलू नकोस.)

काल मी तुझ्या वहिनीला लिहायला बसवलं. म्हटलं, लिही, वीस जूनच्या आधी ये, येताना गुडघ्याचं मलम आण. ती पेन धरून बसली. चहा थंड झाला तरी बसली. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाली की तिला बोलावता येणार नाही, मी तिला राहा म्हणून लिहिलं आहे. मी विचारलं, कुणाच्या नावाने. ती म्हणाली, तुमच्या.

माझ्या नावाने दुवा दिली हिने. एकवीस वर्षं या बाईने माझ्यासमोर पाठ करून खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही, माझ्या आधी घास घेतला नाही. आणि माझे हात उघडले हिने, मला न विचारता! मी रागावले. एवढी रागावले की एसेन अंगणात जाऊन उभा राहिला. (खरं आहे.)

मग मी तिला विचारलं की काय काय लिहिलंस, सांग. तिने शब्दन्‌शब्द सांगितलं. चोवीस महिने, सतरा-अठरा महिने. मी म्हटलं, मी कधी असा हिशेब करते का, पोरीला पहिल्या ओळीतच कळलं असेल. तेव्हा ती रडली. मी तिला रडताना एकदाच पाहिलं होतं.

तू चाळीस दिवसांची होतीस. चाळिसाव्याला आंघोळ घातली, केस कापले, जेवण झालं आणि मी तुला उचलून माझ्या अंथरुणात नेलं. मी तिला विचारलं नाही. माझ्या सासूने मला विचारलं नव्हतं. माझा पहिला मुलगा तिने नेला. तो युद्धानंतरच्या वर्षी तापात गेला. तो मला साइरा अशी हाक मारायचा. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. एसेन, हे लिहू नकोस. (लिहिलं.)

आता दुवेचं. मी खोटी दुवा परत घेत नाही आणि खरी देत नाही. तिला सांगितलं आहे, तूच लिही, तुझ्या नावाने लिही. राहा म्हण, नाहीतर ये म्हण. जे लिहिशील ते मला वाचून दाखवायचं नाही. एसेन म्हणतो वीस तारीख गेली. गेली तर गेली. तारखा त्यांच्या आहेत, मुलगी आमची आहे.

मलम आण.

तुझी आई


कोचकोर,
२६ मे १९९९

चि. तोल्कून हिला,

आशीर्वाद कोणत्या शब्दांत लिहायचे ते कळत नाही. आईंचे लिहिले आहेत पुष्कळदा.

खोटं लिहिलं. तुझी माफी मागते. आईंची मागून झाली. त्या माझ्याशी बोलत नाहीत, पण काल माझ्या कपात त्यांनी स्वतः चहा ओतला. असं कधी झालं नव्हतं. मी तो प्यायले.

तुझं हॅम्बुर्गचं पत्र बावीसला शाळेत मिळालं. नाही, कुणी विचारलं नव्हतं. पण मी विसाव्या वर्षी सून होते, आणि पहिलं मूल सासूला गेलं याचा मला मानही वाटत होता. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस, घरातल्या घरात आहे. ते खरंच होतं. तू माझ्यापासून तीन हातांच्या अंतरावर झोपायचीस. रडलीस की आई उठायच्या. मी डोळे मिटून पडून राहायचे आणि किती वेळात थांबतेस ते मोजायचे. मोजायची सवय मला तेव्हापासून आहे.

आता आई म्हणतात, तुझ्या नावाने लिही. दोन दिवस बसले आहे. त्यांच्या नावाने लिहिताना मला एक शब्द खोडावा लागला नाही. सगळं स्वच्छ सुचलं, आणि ते बरोबरच होतं. अजूनही मला ते बरोबर वाटतं. माझ्या नावाने तेच लिहायला गेले. राहा असं लिहिलं आणि कागद फाडला. हा चौथा.

ये.

बघ, हे असं आहे. म्हणून मला कधी कुणी विचारलं नाही ते बरं झालं. शाळेत मी मुलींना सांगते की शिका, लांब जा. आणि माझी पाळी आली तर हे. तू सही केली असशील किंवा नसशील, मला माहीत नाही. केली असलीस तर हे पत्र आलंच नाही असं समज.

खाली काय लिहायचं ते सुचत नाही.

बुरुल


घेंट,
११ जून १९९९

ती. वहिनीस,
तोल्कूनचा वाकून सलाम. वि. वि.

आईचं आणि तुझं पत्र एकाच दिवशी मिळालं, काल. हे शाळेच्याच पत्त्यावर, तातडीच्या टपालाने पाठवते आहे, म्हणजे कुरणावर चढायच्या आत तुला मिळेल.

मी एकोणीस मे रोजी सही केली.

तुझं एक मेचं पत्र सतराला आलं होतं. तिसऱ्या ओळीला मला कळलं. आईने एकही टोमणा मारला नव्हता. मांसाचं विचारलं नव्हतं. बेक्तूर नव्हता. वेळेवर झोप असं आईने मला जन्मात सांगितलेलं नाही, ती ऊठ म्हणते. आणि खाली तुझं ता. क. नव्हतं. पत्र संपलं तरी मी कागद उलटून पाहिला.

आईची दुवा नाही हे माहीत असून सही केली. तू लिहिली होतीस म्हणून केली. तू माझ्यासाठी कधी काही मागितलं नव्हतंस, आणि पहिल्यांदा मागितलंस ते चोरून. ते मोडण्याचा मला धीर झाला नाही. अठराला दिवसभर खोलीत बसले. कुठे गेले नाही. पाइवीने ताप आहे का म्हणून हात लावून पाहिला.

एक गोष्ट मात्र लिहिते. ती तुला दुखवायला नाही. तुझं सव्वीस मेचं पत्र आधी आलं असतं तर मी सही केली नसती. मी आले असते. तेव्हा ते आलंच नाही असं मी समजणार नाही. तुझ्या एका शब्दाने मी राहिले आणि दुसऱ्या शब्दाने परतले असते. हे तुला कळायला हवं.

आईला सही झाल्याचं तू सांगू नकोस. मी येऊन सांगेन. रागावेल, बेक्तूरला सांगेल, मग बेक्तूरवरच रागावेल. दुवा मी तिच्यासमोर बसून मागेन. दिली नाही तर न घेता जाईन, पण मागेन.

परीक्षा लांबली, तीस जूनला संपते. तोवर तुम्ही कुरणावर चढलेले असाल. माझं विमान तीन जुलैला सकाळी नऊ वाजता बिश्केकला उतरेल. अकरा आठवडे राहीन. या महिन्यात आता कुठेही जात नाही, पास संपला.

दादा गाडी घेऊन येईल हे ठरलेलंच आहे. त्याने एकट्याने येऊ नये. तू ये. सुनेने घरी थांबून पाहुण्यांचा चहा ठेवायचा असतो, माहीत आहे. चहा आयनुरा ठेवील. आईने विचारलं तर सांग, मी बोलावलं आहे.

तोल्कून